लुगडं पांघरून धार काढणारा माणूस

१९९४ च्या पावसाळ्यात आबांनी मिरजेच्या जनावरांच्या बाजारातनं एक पंढरपुरी म्हैस आणली. दुसऱ्या वेताची, शिंगं तलवारीसारखी पार पाठीवर गेलेली. दलालानं रुमालाखाली हात घालून, बोटं दाबून सौदा जमवला. मी आबांना चिकटून उभा होतो आणि रुमाल कसा हलतोय त्यावरनं आकडा ओळखायला बघत होतो, ते मला आजही जमत नाही. म्हैस टेम्पोतनं घरी आली, आईनं पायावर पाणी घातलं, हळदकुंकू लावलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला, सगळं रीतसर झालं, आणि संध्याकाळी आबा किटली घेऊन खाली बसले तर बाईसाहेबांनी पान्हाच सोडला नाही.

रेडकू सोडलं, पेंड पुढं ठेवली, कोमट पाण्यानं कास धुतली, थेंब नाही. दुसऱ्या दिवशी तेच. चुलते म्हणाले फसलास, परत देऊन ये. गल्लीतले म्हणाले दोन दांडकी घाल. तिसऱ्या दिवशी आबांनी सायकल काढली आणि ज्याच्याकडनं म्हैस घेतली त्याच्या गावाला गेले. आम्हाला वाटलं आता भांडण होणार. आबा गेले होते विचारायला. पेंड कुठली घालत होता, सरकीची का शेंगदाण्याची, धार किती वाजता काढत होता, आणि काढत कोण होतं? तिथं कळलं की त्या घरात पहिल्यापासनं म्हातारीच धार काढायची. म्हशीला पुरुषाचा हातच माहीत नव्हता.

आबा घरी आले, आईचं जुनं हिरवं लुगडं मागून घेतलं, डोक्यावरनं पदर घेतल्यासारखं पांघरलं आणि बसले. आजी एवढी हसली की तिला ठसका लागला. मी दारात उभा. थोडा वेळ काहीच नाही, मग रिकाम्या किटलीच्या तळावर पहिली धार वाजली. पत्र्यावर खडे पडावेत तसा आवाज येतो तो, आणि किटली भरत जाईल तसा जाड होत जातो.

पंधरा-वीस दिवस हे चाललं. मग लुगडं डोक्यावरनं खांद्यावर आलं, खांद्यावरनं मांडीवर आलं, आणि एक दिवस परत खुंटीवर गेलं. तोपर्यंत गावात आबांची भरपूर टिंगल झाली होती. त्यांना त्याचं काही नव्हतं. एकदाच म्हणाले, "दूध तिच्याजवळ हाय, पायजे मला. मग सोंग कुणी करायचं?"

मला खरं तर इटलीच्या फुटबॉल कोच कार्लो अँचेलोटीबद्दल लिहायचंय आणि मी गोठ्यातच अडकलोय. पण एक तर हा माणूस गोठ्यातलाच आहे, आणि दुसरं म्हणजे खेळाडू म्हणून नाव काढून नंतर परक्या देशांत जाऊन टीम सांभाळणारे बरेच झाले, पण आबांचं लुगडं आठवावं असा मला हा एकच सापडला.

१० जून १९५९ चा जन्म, उत्तर इटलीतलं रेज्जोलो नावाचं छोटं गाव. वडील शेतकरी, दावणीला गाई, आणि त्या दुधाचं चीज करायचे. आपण पिझ्झावर भुरभुरतो ते परमेझान. त्याचं खरं नाव पार्मिजानो रेज्जानो, म्हणजे पार्मा आणि रेज्जो या दोन गावांच्या नावावरनं पडलेलं. एका चाकाला ५०० लिटरहून जास्त दूध लागतं आणि कमीत कमी १२ महिने ते मुरत ठेवावं लागतं. आमच्या भिलवडी-पलूस पट्ट्यात डेअरीला सकाळी दूध घातलं की फॅट लागते, स्लिप मिळते, दहा दिवसाला बिल. त्या दहा दिवसांतसुद्धा आबांचा जीव वरखाली व्हायचा. आणि तिकडं आज काढलेल्या दुधाचा माल वर्षानं तयार. अशा घरात वाढलेल्या पोराला घाई नसते एवढंच मी म्हणतो. टीव्हीवर बघा, टीम दोन गोलनं मागं असली तरी हा च्युइंगगम चघळत, डावी भुवई वर करून उभा असतो. एखाद्याला राग यावा इतका निवांत.

आणि गंमत बघा, खेळाडू म्हणून सुरुवात पार्माकडनं, आणि कोच म्हणून पहिली नोकरी रेज्जानात. चीजच्या नावातली दोन्ही गावं. मुद्दाम जुळवून आणलं असतं तर कुणी विश्वास ठेवला नसता.

पार्मा तेव्हा तिसऱ्या डिव्हिजनमधी होती. १९७९ ला वर चढली आणि तो रोमाला गेला. तिथं त्याला कोच मिळाला निल्स लीडहोल्म. हा स्वीडनचा. १९४९ ला मिलानकडनं खेळायला इटलीत आला आणि मग तिथलाच झाला, पुढं कोच झाला. म्हणजे परदेशात जाऊन कोच झालेला खेळाडू कसा असतो हे अँचेलोटीनं विशीतच जवळनं बघितलं. शांत, कमी बोलणारा, मिश्किल. माझा आपला अंदाज आहे की भुवई सोडली तर बाकीचा अँचेलोटी बराचसा तिथनंच आलाय. १९८३ ला रोमा चॅम्पियन झाली, तब्बल ४१ वर्षांनी.

पण गुडघे. १९८१ ला एका गुडघ्याचं लिगामेंट गेलं, १९८२ चा वर्ल्डकप हुकला आणि तोच नेमका इटलीनं जिंकला. मग दोन वर्षांत पुन्हा गुडघा, आणि १९८४ ची युरोपियन कपची, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेची फायनल, घरच्या रोममधी, लिव्हरपूलविरुद्ध, याला बाहेरनंच बघावी लागली. रोमा पेनल्टीवर हरली. लिव्हरपूल हे नाव ध्यानात ठेवा, ते पुन्हा येणार आहे. १९८७ ला मिलाननं घेतला तेव्हा असल्या गुडघ्यांवर पैसे कशाला घालायचे असंच बऱ्याच जणांना वाटत होतं, पण अर्रिगो साक्की नावाचा कोच अडून बसला की मला हाच पाहिजे. साक्की स्वतः कधी मोठा खेळाडू नव्हता, चपलांच्या धंद्यातला माणूस. त्यानं ४-४-२ मधी, म्हणजे चार बॅक, चार हाफ, दोन फॉरवर्ड या मांडणीत, अशी काही शिस्त आणली की ११ माणसं एका दोरीला बांधल्यासारखी पुढंमागं व्हायची. १९८९ आणि १९९० असे लागोपाठ दोन युरोपियन कप. ८९ च्या सेमीफायनलला रेआल माद्रिदला ५-० धुतलं, त्यातला पहिला गोल अँचेलोटीचा, लांबनं हाणलेला. यूट्यूबवर आहे, बघाच. असा शूट मारणारा माणूस पुढं जन्मभर 'शांत माणूस' म्हणून ओळखला गेला.

१९९२ ला बूट ठेवले आणि साक्कीचाच असिस्टंट म्हणून इटलीच्या टीमबरोबर गेला. म्हणजे ज्या पावसाळ्यात आमच्या गोठ्यात आबा लुगडं घेऊन बसले होते, त्याच पावसाळ्यात, १७ जुलैला, अमेरिकेत पॅसाडेनाला वर्ल्डकपची फायनल होती आणि इटलीच्या बाकावर हा बसला होता. आपल्याकडं रात्रीचा एक. मी ११ वर्षांचा. ज्यांच्या घरी टीव्ही होता त्यांच्या ओट्यावर आम्ही दहाबारा जण, निम्मे झोपलेले. मला ना साक्की माहीत ना अँचेलोटी, माहीत होता तो फक्त शेंडीवाला, रॉबर्टो बाज्जो. त्यानं शेवटची पेनल्टी आकाशात मारली आणि कमरेवर हात ठेवून खाली बघत उभा राहिला, तो फोटो नंतर कित्येक दिवस माझ्या वहीला चिकटवलेला होता.

आता पुढचं. १९९५ ला रेज्जाना घेतली, वर्षात वरच्या लीगमधी आणली. १९९६ ला पार्मा, पहिल्याच वर्षी दुसरा नंबर. पण डोक्यात साक्की पक्का बसलेला. ४-४-२ म्हणजे ४-४-२. टीममधी जान्फ्रांको झोला होता, केवढा नाजूक हाताचा, म्हणजे पायाचा, कलाकार, त्याला साइडला ढकलला. तो वैतागून चेल्सीला गेला आणि तिथं देव झाला. १९९७ ला बाज्जो यायला तयार होता. अँचेलोटी म्हणाला माझ्या ४-४-२ मधी दहा नंबरला, म्हणजे फॉरवर्डच्या मागं मोकळा खेळणाऱ्याला, जागा नाही. बाज्जो बोलोन्याला गेला आणि त्या सीझनला त्यानं लीगमधी २२ गोल मारले. २२! अँचेलोटीनं नंतर स्वतःच कबूल केलंय की ती चूक होती.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा चहाचा कप हातातच राहिला. कारण माझा पण एक बाज्जो आहे.

मी बी.पी.एड. करून सांगलीतल्या एका शाळेत लागलो २००८ ला. कॉलेजात असताना मिरजेकडच्या टीममधनं हाफला खेळायचो, बरा होतो, फार नाही. शाळेत टीम हातात आली तेव्हा माझ्याकडं एक वही होती, ट्रेनिंगला लिहून घेतलेली, त्यात ४-४-२ च्या बाणांची चित्रं. बॉल गेला की सगळ्यांनी बॉलच्या मागं यायचं, हाफनं बॅकला कव्हर द्यायचं, वगैरे. चुकीचं त्यात काहीच नव्हतं. चुकीचा होता तो मी, कारण मला वाटायचं पोरं त्या बाणांसाठी जन्माला आलीत.

२०१३ च्या बॅचला एक पोरगा आला. वडील मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर हमाल. पोरगा बारीक, डावखुरा, आणि त्याची एक सवय होती, बॉल आला की तळव्याखाली दाबून नुसता उभा राहायचा. स्टँडवर एसटीची वाट बघत असल्यासारखा. समोरचा बॅक वैतागून अंगावर आला की हा त्याच्या आलेल्या बाजूनंच निसटायचा. एकदा नाही, दर वेळी. पोरं हसायची, मीसुद्धा हसायचो मनात. पण बॉल गेला की हा तिथंच. कमरेवर हात. मी साइडलाइनवरनं ओरडून ओरडून घसा बसवून घ्यायचो, "मागं ये! अरे मागं ये लेका!" तो सावकाश चालत यायचा, पावसातनं जनावरं घरी येतात तसा.

मी त्याला डाव्या हाफला खेळवला. त्याची जागा ती नव्हती हे मला कळत होतं की नाही? खरं सांगायचं तर कळत होतं. पण फॉरवर्डच्या मागं एक माणूस मोकळा सोडायचा म्हणजे वहीतलं चित्र बिघडत होतं. जिल्हा जिंकला आम्ही, विभागीयला गेलो. सांगलीची शाळा विभागीयला गेली की समोर कोल्हापूर येतं, आणि ज्यांच्या पेठापेठांत तालमींच्या टीम आहेत, ज्यांच्याकडं बाया सुद्धा शाहू स्टेडियमच्या मॅचचा निकाल विचारतात, त्यांच्यापुढं आमचं काय चालणार. म्हणून मी 'शिस्तीत' खेळायचं ठरवलं आणि त्याला बसवला. पूर्ण मॅच. दोन गोलनं हरलो. पोरगा बाकावर बूट घालून, लेस बांधून, शेवटपर्यंत तयार बसला होता. शिट्टी वाजल्यावर त्यानं लेस सोडल्या, बूट मोज्यासकट पिशवीत घातले, आणि मला म्हणाला, "सर, बूट शाळंचं हैत, उद्या जमा करतो." केले जमा. नंतर आला नाही. दहावीनंतर तर दिसलाच नाही.

असो. पुन्हा तिकडं जाऊ.

१९९९ ला अँचेलोटी युव्हेंटसला गेला, तिथं झिदान होता. आता झिदानला काय साइडला ढकलणार? अँचेलोटीनं तिथं पहिल्यांदा चित्र फाडलं आणि माणूस बघून टीम मांडली. पुढं त्यानं सांगितलंय की फुटबॉलकडं बघायची त्याची नजर झिदाननं बदलली. तरी दोन्ही पूर्ण सीझन दुसराच नंबर. २००० ला तर शेवटच्या दिवशी पेरुजात असला पाऊस की तासाभरापेक्षा जास्त वेळ मॅच थांबली, मैदानाचं तळं झालं, आणि हे एका गोलनं हरून लाझिओला टायटल देऊन आले. युव्हेंटसचे पब्लिक त्याला डुक्कर म्हणायचे, डुक्कर कोचिंग करू शकत नाही असं लिहून ठेवलेलं. गाववाले आबांना 'लुगडंवाला' म्हणायचे ते त्यामानानं प्रेमच म्हणायचं.

मग २००१ ला मिलान, जिथं तो खेळला होता तिथंच. पिर्लो नावाचा दहा नंबरवाला कुठंच बसत नव्हता, त्याला उचलून बॅकच्या पुढं ठेवला, सगळ्यात मागं, आणि तिथनं त्यानं अख्खं मिलान चालवलं. ज्या माणसानं बाज्जोला जागा नाही म्हणून सांगितलं होतं, तो आता एका टीममधी पिर्लो, रुई कोस्टा, सेडॉर्फ अशी दोन-तीन दहा नंबरची माणसं एकदम घालायला लागला. २००३ ला चॅम्पियन्स लीग, म्हणजे आधीचा युरोपियन कपच, २००४ ला लीग.

आणि २००५. इस्तंबूल. हे मला सांगावंच लागेल.

मे महिना, सुट्टी, मी गावी. लोडशेडिंगचे दिवस. मॅच आपल्याकडं रात्री सव्वाबाराला, म्हणजे तारखेनं २६ मे. घरात सगळे झोपलेले, मी टीव्हीचा आवाज शून्यावर करून बसलेलो. पहिल्याच मिनिटाला माल्डिनी, मग क्रेस्पोचे दोन, हाफटाइमला मिलान ३, लिव्हरपूल ०. आणि हाफटाइमलाच लाईट गेली. अर्धा तास वाट बघितली, डास मारले, मग म्हणलं आता काय बघायचंय, ३-० आहे, आणि झोपलो गच्चीवर. सकाळी भिलवडीला स्टँडवर चहाच्या टपरीवर चारचौघांना मिलानचं डिफेन्स म्हणजे काय चीज आहे ते समजावून सांगितलं, कुणी विचारलं नसताना. दुपारी मिरजेच्या दोस्ताचा मेसेज आला, बघितलास का. मी लिहिलं, एकतर्फी झाली. त्याचा फोन आला आणि तो नुसता हसत होता, इतका हसला की त्याचा बॅलन्स संपून फोन कट झाला. जेरार्ड, श्मिसर, अलोन्सो, सहा मिनिटांत तीन गोल, आणि मग पेनल्टीवर लिव्हरपूल. तो अलोन्सो पण पुढं कोच झाला, पण तो विषय वेगळा.

त्या दुपारी मला मिलानपेक्षा त्या भुवईवाल्याचंच वाईट वाटलं. मी निदान झोपलो तरी होतो. त्याला उभं राहून बघावं लागलं. दोन वर्षांनी अथेन्सला पुन्हा फायनल, पुन्हा लिव्हरपूलच, आणि या वेळी मिलान २-१. ती मॅच मी पूर्ण बघितली, इन्व्हर्टर उसना आणून.

इथपर्यंत तो घरातच होता. इटलीतला कोच इटलीत. खरी गोष्ट २००९ ला सुरू होते, वयाच्या पन्नाशीत. लंडनला, चेल्सीला. आपल्याकडं मॅनेजर म्हटलं की बँकेचा नायतर सोसायटीचा, तिकडं कोचलाच मॅनेजर म्हणतात. इंग्रजी कच्चं, ते शिकायला बसला. पन्नाशीत वही-पेन घेऊन परकी भाषा शिकणं काय असतं हे ज्यानं एमएससीआयटीच्या क्लासला पोरांच्या शेजारी बसून माउस धरलाय त्याला विचारा. पहिल्याच वर्षी लीग आणि एफए कप दोन्ही, चेल्सीला आधी कधी जमलं नव्हतं ते, आणि लीगमधी १०३ गोल. दुसऱ्या वर्षी दुसरा नंबर आला. सीझनची शेवटची मॅच एव्हर्टनच्या मैदानावर हरली आणि तिथल्याच पॅसेजमधी त्याला सांगण्यात आलं की उद्यापासनं येऊ नका. पॅसेजमधी! आमच्या इथं ऊसतोड मुकादमसुद्धा माणसाला बसवून, चहा पाजून हिशोब करतो.

पुढं तो त्याच एव्हर्टनचा मॅनेजर झाला, म्हणजे घरच्या प्रत्येक मॅचला त्याच पॅसेजमधनं ये-जा. मी असतो तर दुसरं दार शोधलं असतं.

मग पॅरिस, फ्रेंच शिकला, २०१३ ची लीग जिंकली. मग माद्रिद, स्पॅनिश. २०१४ ची लिस्बनची फायनल, अ‍ॅटलेटिकोविरुद्ध ०-१ नं हरत आलेली, ९३ व्या मिनिटाला रामोसचं हेडर, आणि मग एक्स्ट्रा टाइममधी ४-१. रेआल माद्रिद त्या दहाव्या कपसाठी १२ वर्षं तळमळत होतं. तो आणून दिला, आणि पुढच्याच वर्षी नारळ. मग म्युनिक, बायर्न, जर्मन भाषा, २०१७ ची लीग, आणि त्याच सप्टेंबरात पॅरिसकडनं ३-० हरल्याबरोबर नारळ. इथं मी त्याची बाजू घेणार नाही. रॉबेन, रिबेरी, हुमेल्ससारखे जुनेजाणते सुरुवातीला बाहेर बसवले त्यानं त्या मॅचला, आणि सराव फार हलका होतो अशी कुरकुर आधीपासनं होतीच. जर्मन म्हशीला निवांतपणा मानवला नाही. तिथं लुगडं बदलायला पाहिजे होतं, यानं तेच माद्रिदचं पांघरलं. मग नापोली, मायदेश, तरी तिथं मालकानं टीमला कॅम्पवर डांबायचं ठरवलं, पोरांनी नकार दिला, हा दोघांच्या मधी. २०१९ च्या डिसेंबरात चॅम्पियन्स लीगमधी ४-० जिंकला आणि त्याच रात्री काढला. ४-० जिंकून!

एवढं सगळं होऊन माणूस कडू झालेला दिसत नाही, ह्याचं मला खरं कौतुक. मी एकदा स्टाफरूमची खुर्ची बदलली म्हणून आठ दिवस डबा वेगळा खाल्लाय.

२०२१ ला माद्रिदनं परत बोलावलं. सगळे म्हणाले म्हातारा झाला, याची आता नवी कल्पना काय? नव्हतीच. २०२२ च्या सेमीफायनलला मँचेस्टर सिटीविरुद्ध ९० मिनिटं झाली तेव्हा माद्रिद दोन गोलनं मागं, मग रॉद्रिगोचे दीड-दोन मिनिटांत दोन गोल, आणि एक्स्ट्रा टाइमच्या वेळचं एक दृश्य आहे: अँचेलोटी बाकावरच्या माणसांशी बोलतोय, क्रूसशी, मार्सेलोशी, आता कुणाला आत घालू म्हणून. ज्या क्रूसला त्यानंच थोड्या वेळापूर्वी बाहेर काढलंय, त्यालाच विचारतोय. जगातला सगळ्यात मोठा कोच, अख्खं स्टेडियम बघतंय, आणि हा विचारतोय. मी ते दृश्य पाच-सहा वेळा मागं नेऊन बघितलं. मला ती सायकल दिसत होती, म्हैस विकणाऱ्याच्या गावाकडं चाललेली.

फायनलला पुन्हा लिव्हरपूल, १-०. त्याच्या आधी लीग जिंकल्याच्या मिरवणुकीत बसवर गॉगल लावून, तोंडात सिगार, आजूबाजूला त्याच्या निम्म्याहून कमी वयाची पोरं, असा त्याचा फोटो आहे. लोकांना तो स्टाईल वाटतो. माझ्या मते ते लुगडंच आहे.

२०२३ ला बेन्झेमा गेला, मुख्य गोल मारणारा फॉरवर्डच उरला नाही. दुसरा कोणी असता तर वर्षभर रडला असता. यानं बेलिंगहॅम नावाच्या २० वर्षांच्या हाफला पुढं मोकळा सोडला, फॉरवर्डच्या मागं, जिथं बाज्जोला जागा नव्हती बरोबर तिथं, आणि त्या पोरानं पहिल्याच सीझनला लीगमधी १९ गोल मारले. २०२४ ला वेम्बलीत डॉर्टमुंडला २-० हरवून कोच म्हणून पाचवी चॅम्पियन्स लीग. इटली, इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी, स्पेन, पाचही मोठ्या देशांची लीग जिंकलेला हा एकटाच.

आणि २०२५ च्या मे महिन्यात ब्राझील. पाच वर्ल्डकप जिंकलेला देश, पाचही वेळा कोच घरचाच. २०२२ पर्यंत एकाही देशानं परक्या कोचच्या हाताखाली वर्ल्डकप जिंकलेला नाही. तिथं हा पासष्टी ओलांडत पोर्तुगीज शिकत पोचला. १० जूनला पॅराग्वेला १-० हरवून ब्राझील वर्ल्डकपला पात्र झालं, त्या दिवशी याचा ६६ वा वाढदिवस. ज्या ब्राझीलकडनं ९४ ला तो बाकावर बसून हरला होता, त्याच ब्राझीलचा बाक.

ती मॅच मी मोबाईलवर बघितली, पहाटे. आबा आता नाहीत, गोठ्यात भावाच्या दोन जर्सी गाई आहेत आणि मशीननं धार काढतात, मशीनला काय बाई आणि काय पुरुष. खुंटी आहे अजून.

गेल्या दिवाळीच्या आधी मार्केट यार्डात गेलो होतो, घरची थोडी हळद घालायची होती. टेम्पो लावायला जागा मिळेना म्हणून गल्लीच्या तोंडाशी थांबलो तर मागच्या छोटा हत्तीतनं हाक आली, "सर!" मी ओळखलं नाही आधी. अंगानं भरलाय, मिशी आलीय. पण गाडीतनं उतरून उभा राहिला तो कमरेवर हात ठेवून, आणि ओळखला.

स्वतःची गाडी घेतलीय, लग्न झालंय. रविवारी मिरजेत खेळतो म्हणाला, मंडळाच्या टीमकडनं. कुठं खेळतोस विचारलं तर म्हणाला, "फॉरवर्डच्या मागं. मोकळाच सोडत्यात मला." मला त्याला बरंच काही सांगायचं होतं. झोलाचं, बाज्जोचं, २२ गोलांचं. तेवढ्यात तोच म्हणाला, "सर, त्या टायमाला मी मागं येत नव्हतो हे मातूर खरं हाय."

मी म्हणालो, "जाऊ दे रे."

तो हळदीच्या पोत्यांकडं बघत थोडा वेळ गप्प उभा राहिला, आणि मग अगदी साध्या आवाजात विचारलं, "अजून ४-४-२ च खेळवालाय काय?"

"न्हाई," म्हणालो मी. "आता पोरं बघून."

त्यावर तो काही बोलला नाही. मागनं ट्रॅक्टरवाला हॉर्नवर हॉर्न मारायला लागला होता, तर यानं त्याला हातानं थांब अशी खूण केली, माझी दोन पोती स्वतःच खांद्यावर घेऊन अडतीच्या काट्यावर टाकली, आणि गाडी काढायला परत आला, सावकाश चालत.